घाटात तापणाऱ्या गाडीसाठी ब्रेक डिस्कची निवड : नाशिकमधील एक प्रकरण

गाडी टर्बो पेट्रोल इंजिनाची, पुढे हवेशीर म्हणजे व्हेंटिलेटेड डिस्क आणि मागे ड्रम असलेली मध्यम आकाराची सेडान होती. दोन माणसे आणि सामान धरून तिचे चालते वजन सुमारे १३५० किलो भरते. मालक व्यवसायानिमित्त दर आठवड्याला नाशिकहून मुंबईला जाऊन येतात. कधी जुन्या महामार्गाने कसारा घाट उतरून, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून बऱ्याचदा समृद्धी महामार्गाने. सुट्टीच्या दिवशी सापुतारा नाही तर सप्तशृंगी गड ठरलेला. गाडी जोरात चालवतो, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि पुढच्या टायरच्या कडांची झीज पाहिल्यावर त्याला वेगळा पुरावा लागला नाही.

अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये गाडी आली तेव्हा त्यांची मागणी ठरलेली होती. पुढच्या दोन्ही डिस्क खराब झाल्या आहेत, तेव्हा भोके आणि खाचा असलेल्या आणखी भारी, जमल्यास आणखी मोठ्या डिस्क बसवून द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. ‘आणखी’ म्हणण्याचे कारण असे की आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये मूळ डिस्क काढून भोके व खाचा असलेल्या डिस्क बसवल्या गेल्या होत्या आणि त्याच आता त्रास देत होत्या. ताशी ८० किलोमीटरच्या वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरत असे, घाटाच्या पायथ्याशी पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जात असे, आणि गडावरून उतरून नांदुरीत गाडी थांबवली की डाव्या चाकाजवळ जळका वास येत असे.

या तीन तक्रारींची कारणे एकच असतीलच असे नाही, आणि तीनही कारणे डिस्कमध्येच असतील असेही नाही. म्हणून कोणती डिस्क घ्यायची, हा प्रश्न बाजूला ठेवून आधी चाके काढली आणि मोजमाप सुरू केले.

चाके काढल्यावर दिसलेले

डाव्या डिस्कवर बाहेरच्या कडेजवळच्या भोकांपासून केसासारख्या भेगा निघालेल्या होत्या आणि त्यांतील दोन भेगा शेजारच्या भोकापर्यंत पोहोचल्या होत्या. खूप तापलेल्या डिस्कच्या पृष्ठभागावर बारीक जाळीसारख्या भेगा दिसतात. त्या तेवढ्यावरच असतील तर घाबरण्याचे कारण नसते. पण भेग एका भोकातून दुसऱ्या भोकात गेली किंवा कडेपर्यंत आली, तर ती डिस्क त्याच क्षणी बाद समजायची, तिथे दुसरा विचार नाही. उजव्या डिस्कवर जोडलेल्या भेगा नव्हत्या, मात्र निळसर काळे डाग होते.

मायक्रोमीटरने डाव्या डिस्कची जाडी कडेपासून सारख्या अंतरावर, गोल फिरवत आठ ठिकाणी घेतली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत ०.०३ मिलिमीटरचा फरक आला. हा आकडा कागदावर क्षुल्लक वाटतो, पण जाडीतील ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा पेडलला आणि स्टिअरिंगला जाणवू शकतो. मॅग्नेटिक स्टँडवर डायल (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून डिस्क फिरवली तेव्हा बाजूची डुलणी, म्हणजे रनआउट, ०.१४ मिलिमीटर निघाली. डिस्क काढून हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर डायल लावली तर ती फक्त ०.०२. मग उरलेली कुठून आली? हबच्या तोंडावर गंजाचा खरखरीत थर होता आणि डिस्कच्या आतल्या बाजूला त्याचा ठसा उमटलेला होता. आठ महिन्यांपूर्वी हब साफ न करताच डिस्क चढवली गेली होती.

‘डिस्क वाकडी झाली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण ओतीव लोखंडाची डिस्क उष्णतेने पापडासारखी वाकते असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा घडते ते असे : हबवरच्या गंजामुळे डिस्क किंचित तिरकी बसते, दर फेरीला तिचा एकच भाग पॅडला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्कला आवळणाऱ्या तुकड्याला, घासून जातो, काही हजार किलोमीटरमध्ये तो भाग झिजतो किंवा तिथे पॅडचा थर चिकटतो, आणि जाडी असमान होते. थरथर येते ती या असमान जाडीमुळे. म्हणून नवी डिस्क बसवल्यावर दोन-तीन महिने सुख आणि मग पुन्हा तीच थरथर, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत हबचा गंज हे कारण आम्हाला वारंवार सापडते.

जळक्या वासाचे कारण कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, होते. डावा कॅलिपर ज्यावर सरकतो त्यांपैकी खालच्या स्लाइड पिनचे रबर फाटलेले होते आणि आत पावसाळ्यातले चिखलपाणी जाऊन पिन जाम झाली होती. आतल्या पॅडचे अस्तर ४ मिलिमीटर उरले होते, बाहेरच्या पॅडचे ८. इतका फरक दिसला की कॅलिपर मोकळा सरकत नाही आणि पेडल सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो, हे समजून घ्यायला हवे. डावी डिस्क अधिक तापून तडकली यात तिच्या भोकांचा वाटा होताच, पण सतत घासणाऱ्या पॅडचाही होता.

पेडल खाली जाण्याचे कारण ब्रेक ऑइल. गाडी घेतल्यापासून ते बदललेले नव्हते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो आणि डॉट ४ चा २३० अंश. पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. इगतपुरीच्या पावसात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या गाडीत ओलावा मुरायला वेळ लागत नाही. घाट उतरताना कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. कोणतीही डिस्क, कितीही भारी घेतली तरी, यावर उपाय नाही. मागच्या ड्रममधला उजवा ॲडजस्टरही, म्हणजे झिजेनुसार ड्रमच्या आतले अंतर राखणारा भागही, गंजून अडकलेला निघाला; त्यामुळे पेडलची चाल आणखी लांबली होती आणि पुढच्या ब्रेकवर त्यांच्या वाट्याहून अधिक काम पडत होते.

हे सर्व मालकांना चाकाजवळ उभे करून दाखवले. त्यांचा प्रश्न रास्त होता : ‘म्हणजे डिस्कचा दोष नाहीच का?’ दोष होता. पण तो किती, हे समजण्यासाठी उष्णतेचा हिशेब मांडणे भाग होते.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलतो आणि ती उष्णता आधी डिस्कमध्ये साठते, मग हवेत जाते. १३५० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली तर सुमारे ५.२ लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. १२० वरून थांबवली तर ७.५ लाख, वेग फक्त २० टक्क्यांनी वाढला, उष्णता ४४ टक्क्यांनी. समृद्धीवर १२० च्या मर्यादेने जाणाऱ्या आणि अचानक ब्रेक माराव्या लागणाऱ्या माणसाने हा फरक ध्यानात ठेवावा.

आता कसारा. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. तेवढे खाली उतरताना या गाडीची स्थितिज ऊर्जा जवळजवळ ४० लाख जूलने कमी होते, म्हणजे १०० च्या वेगावरून साडेसात वेळांहून थोडे अधिक पूर्ण थांबण्याइतकी. तिचा काही भाग हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जातो, काही भाग इंजिन घेते, जर चालकाने इंजिनाला ते काम करू दिले तर. गिअर वर ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून उतरणारा चालक हा सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर टाकतो आणि त्यातला मोठा भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो.

पुढच्या ब्रेकचा वाटा ७० टक्के धरला तर १०० वरून एकदा थांबताना प्रत्येक पुढच्या डिस्कमध्ये सुमारे १.८ लाख जूल उष्णता जाते. ओतीव लोखंडाच्या एका किलोचे तापमान एक अंशाने वाढवायला साधारण ५०० जूल लागतात. म्हणजे ५.१ किलो वजनाची डिस्क एका थांबण्यात ७० अंशांच्या आसपास तापते. पॅड जिथे घासतो त्या कड्याचेच वजन धरले तर त्याहूनही अधिक. हाच आकडा साडेचार किलोच्या डिस्कसाठी ८० अंशांवर जातो. थंड व्हायला वेळ न देता चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारला की तापमान कुठे पोहोचते, याचा अंदाज प्रत्येकाला करता येईल.

महामार्ग आणि घाट यांतला फरक इथेच कळतो. महामार्गावर ब्रेक जोरात लागतो, पण दोन ब्रेकमध्ये मोठे अंतर असते आणि वेगामुळे भरपूर हवा मिळते. व्हेंटिलेटेड डिस्कच्या दोन चकत्यांमधले फिन, म्हणजे पाती, मधली हवा बाहेर फेकतात. चाक जितके वेगाने फिरते तितकी हवा जास्त. घाटात नेमके उलटे होते. वेग ३०-४० चा, वळणे जवळजवळ, ब्रेक वारंवार, आणि हवा जेमतेम. अशा वेळी डिस्क थंड होण्याआधी तिने उष्णता साठवून घ्यायची असते, आणि साठवण्याची ताकद तिच्या वजनातून येते, दिखाव्यातून नाही. या गाडीसाठी डिस्क निवडताना आम्ही सर्वांत जास्त महत्त्व लोखंडाच्या वजनाला आणि त्याच्या प्रतीला दिले, ते यामुळे.

काढलेली भोकांची डिस्क आणि मालकांनी डिकीत जपून ठेवलेली जुनी मूळ डिस्क शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हींवर किमान जाडीचा आकडा २० मिलिमीटर कोरलेला होता आणि नवेपणी दोन्ही २२ मिलिमीटरच्याच असणार. व्हर्नियरने मात्र फरक उघड केला : मूळ डिस्कच्या प्रत्येक चकतीची नवेपणीची जाडी झिजेचा हिशेब धरून ७ मिलिमीटरच्या जवळ येत होती, तर दुसरीच्या चकत्या ६ च्या आसपास आणि त्यांच्यामधली फट तेवढी रुंद. नव्या मालाची तुलना करण्यासाठी स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन्ही प्रकारच्या नव्या डिस्क मागवून वजनकाट्यावर ठेवल्या. मूळ प्रकारची ५.१ किलो, भोकांची ४.५. या सहाशे ग्रॅममध्ये भोकांमुळे गेलेले लोखंड फार तर शंभर ग्रॅम असेल. बाकीचे पाचशे ग्रॅम चकत्या पातळ करून वाचवलेले होते. बाहेरून मोजली तर डिस्क बरोबर मापाची, आतून मात्र पोकळ व्यवहार. डिस्क विकत घेताना वजनकाटा वापरावा, असा माझा आग्रह असतो तो याच अनुभवामुळे, आणि भाजी मंडईतला साधा काटाही त्याला पुरतो.

पर्यायांची छाननी

जुन्या मूळ डिस्कला लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून, त्याच पुन्हा बसवाव्यात का, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय होता. त्यांची जाडी २०.९ मिलिमीटर होती, म्हणजे किमान मर्यादेच्या वर. शहरात दूध-भाजी आणायला फिरणाऱ्या गाडीसाठी आम्ही हा पर्याय कदाचित स्वीकारला असता. इथे दोन अडचणी होत्या. फेसिंगनंतर डिस्क २०.४ च्या आसपास उरली असती, म्हणजे नेमके जे वजन आपल्याला हवे तेच आपण लेथखाली बुरा करून टाकले असते. दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. पॅडचा थर चिकटलेली जागा बाकी डिस्कपेक्षा जास्त तापते, आणि तिथले तापमान ६५०-७०० अंशांच्या पुढे गेले की लोखंडात सिमेंटाइट म्हणजे लोहाचे कठीण कार्बाइड तयार होते. हे कठीण ठिपके पृष्ठभागाखालीही उतरलेले असतात. लेथवर डिस्क सपाट दिसते, पण वापरात भोवतालचे मऊ लोखंड आधी झिजते, कठीण ठिपका वर राहतो आणि थरथर परत येते. या मूळ डिस्कवर निळसर डाग होतेच. फेसिंग रद्द.

भोकांच्या डिस्कचा पर्याय मालकांच्या मनात होता, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवला. भोकांची पद्धत आली ती जुन्या काळच्या पॅडमुळे. ते तापले की त्यांतून वायू सुटे आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याची गादी तयार होई, म्हणून वायूला वाट हवी होती. आजच्या चांगल्या पॅडमध्ये हा प्रश्न फारसा उरलेला नाही. भोकांमुळे पावसात पहिला चावा थोडा लवकर मिळतो, हे खरे. काही महागड्या स्पोर्ट्स गाड्यांना कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क येतात, हेही खरे. पण त्या डिस्क आकाराने इतक्या मोठ्या असतात की भोके पाडूनही उष्णता साठवायला पुरेसे लोखंड उरते. आपल्या सेडानच्या छोट्या डिस्कमध्ये अशी शिल्लक नाही. शिवाय डिस्क तापली आणि निवली की लोखंड फुगते-आकसते, आणि भोकाच्या काठावर तो ताण एकवटतो. भेग तिथूनच सुरू होते. बाजारातील स्वस्त डिस्कमध्ये तयार डिस्कला नुसते ड्रिल मारलेले असते, काठाला चॅम्फरसुद्धा, म्हणजे धार मोडून तिरकी केलेली कडसुद्धा, नसते.

खाचांची गोष्ट वेगळी आहे. खाच आरपार नसते, त्यामुळे भेगेचा धोका कमी. ती पॅडचा वरचा चकाकलेला थर खरवडत राहते आणि पाणी बाजूला काढते. मोबदल्यात पॅड लवकर झिजतो आणि ब्रेक मारताना बारीक घरघर येते. बंद मैदानावरच्या स्पर्धांमध्ये गाडी चालवणाऱ्यांना मी खाचांची डिस्क सुचवतो. या मालकांना तो आवाज दर आठवड्याला मुंबईपर्यंत ऐकावा लागला असता आणि त्या बदल्यात घाटात मिळणारा फायदा नगण्य होता.

मोठ्या व्यासाच्या डिस्कने काय साधते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. व्यास वाढला की पॅड केंद्रापासून दूर घासतो, त्यामुळे तेवढ्याच दाबात चाकाला थांबवणारे बल वाढते, आणि वजन वाढल्यामुळे उष्णतेची साठवणही वाढते. उष्णतेच्या दृष्टीने हा खरा फायदा आहे, तो नाकारता येणार नाही. पण त्यासाठी कॅलिपरची ब्रॅकेट बदलावी लागते, पंधरा इंची रिममध्ये जागा उरते की नाही ते पाहावे लागते, चाकाबरोबर हलणारे वजन वाढते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो. या गाडीत मागे ड्रम आहेत. पुढचे बल वाढवले आणि मागे काहीच केले नाही, तर पुढची चाके लवकर घसरू लागतात, एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) लवकर मध्ये पडतो, आणि ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकते. कारखान्याने एबीएस आणि ब्रेकबल वाटपाचे आकडे मूळ मापासाठी बसवलेले असतात. ज्याची तक्रार मुळात थांबण्याच्या ताकदीबद्दल नाही, तर उष्णतेबद्दल आणि थरथरीबद्दल आहे, त्याने हा सगळा पसारा उभा करू नये, असे आमचे स्पष्ट मत पडले आणि ते आम्ही तसेच सांगितले.

उरले दोन : कंपनीची मूळ डिस्क, किंवा मूळ मापाचीच पण हाय-कार्बन लोखंडाची साधी डिस्क. ब्रेक डिस्क ग्रे कास्ट आयर्नच्या असतात. त्यातल्या कार्बनचा बराचसा भाग ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, आणि हे पापुद्रे उष्णता वाहून नेतात व कंपने शोषतात. नेहमीच्या डिस्कमध्ये कार्बन साधारण ३.२ ते ३.५ टक्के असतो. हाय-कार्बन प्रकारात तो ३.६ ते ३.९ टक्क्यांपर्यंत नेतात. त्यामुळे उष्णता पृष्ठभागावर साचून न राहता आत लवकर पसरते, तापमानातला फरक कमी राहतो आणि तापून-निवून पडणाऱ्या भेगांना डिस्क जास्त काळ दाद देत नाही. लोखंडाची ताकद मात्र किंचित कमी होते, म्हणून चांगले कारखाने मिश्रधातूंचे प्रमाण सांभाळून ती भरून काढतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ओतकामात रसायन बिघडले की माल दिसायला सारखा आणि वागायला निराळा होतो, हे त्याने पाहिलेले असते.

मूळ डिस्कला नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. किमतीत हाय-कार्बन डिस्क तिच्यापेक्षा थोडी महाग आणि भोकांच्या डिस्कपेक्षा स्वस्त पडत होती. मालकांच्या वापरात डिस्क वारंवार तापणार हे नक्की असल्याने आम्ही हाय-कार्बन, साधी, मूळ मापाची डिस्क निवडली. मालकांना ती फारच साधी वाटली, आणि रिमच्या मागून दिसणारी शोभा जाईल याची त्यांना हळहळ वाटली, ती समजण्यासारखी होती. भेगा पडलेली डिस्क हातात घेऊन नखाने भेग चाचपल्यावर त्यांनी होकार दिला.

डिस्क स्वीकारण्याआधी तिची तपासणी केली. वजन ५.२ किलो भरले. दोन्ही चकत्यांची जाडी फटीतून चार ठिकाणी मोजली. ओतताना साच्यातला गाभा सरकला असेल तर एक चकती जाड आणि दुसरी पातळ येते, आणि मग तापल्यावर डिस्क एका बाजूला छत्रीसारखी कलते. दोन्ही डिस्कमध्ये हा फरक नगण्य होता. फिन सरळ होते, म्हणून डावी-उजवी असा भेद नव्हता. वाकड्या फिनची डिस्क असेल तर तिची बाजू फिनच्या वळणावरून ठरते, वरच्या खाचांच्या दिशेवरून नाही, आणि इथे अनुभवी मिस्त्रीसुद्धा चुकतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पॅड आणि ऑइल

डिस्क एकटी काम करत नाही. चांगल्या डिस्कबरोबर चुकीचा पॅड बसवला तर सगळा हिशेब वाया जातो. अनेक पॅडच्या पाठीवर कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणाचे आणि दुसरे गरम असतानाचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. काढलेल्या पॅडवर एफई होते, म्हणजे तापल्यावर पकड कमी होणारा पॅड, घाटाला अगदी अयोग्य. आम्ही एफएफ दर्जाचा, रस्त्यासाठीच बनवलेला पण जास्त तापमान झेलणारा पॅड निवडला. स्पर्धेसाठीचा पॅड मालकांनी सुचवला होता, तो नाकारला; तो थंड असताना नीट धरत नाही, आणि नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी कॉलेज रोडवर समोर सायकलवाला आला तर पहिलाच ब्रेक लागला पाहिजे.

ऑइल पूर्ण काढून डॉट ४ भरले आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. दोन्ही कॅलिपरच्या पिन, रबरे आणि ग्रीस नवे, मागचा ॲडजस्टर मोकळा केला. या कामांचे बिल डिस्कच्या बिलाच्या निम्म्याहून कमी झाले, पण माझ्या मते गाडी सुधारली ती निदान अर्धी यामुळे.

बसवणी आणि चाचणी

हबचे तोंड वायर ब्रश आणि एमरी पेपरने लोखंड उजळेपर्यंत साफ केले. नवी डिस्क ब्रेक क्लीनरने धुऊन चढवली, नट हाताने बेताने आवळून डायल लावली : डावीकडे ०.०८. डिस्क काढून एक स्टड, म्हणजे चाकाच्या नटाचा एक बोल्ट, पुढे फिरवून पुन्हा बसवली तेव्हा ०.०४ आली आणि तिथेच ठेवली. हबची आणि डिस्कची बारीक डुलणी एकमेकींत भर घालते किंवा एकमेकींना कापते. कोणत्या जागी कापते ते डायलशिवाय कळत नाही. चाकाचे नट टॉर्क रेंचने, एकाआड एक आवळले. एअर गनने एकाच दमात आवळलेले नट नव्या डिस्कलाही तिरके बसवू शकतात.

नंतर पॅड-डिस्कची जमवणी. सिन्नरच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर पहाटे, मागे गाडी नाही हे पाहून, ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही, लगेच पुन्हा वेग घ्यायचा, असे आठ-दहा वेळा. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे ब्रेक शक्यतो न वापरता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यायच्या. यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. गरम डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिले तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि थरथरीचे बीज तिथेच पेरले जाते. घाट उतरून टोलनाक्यावर थांबतानाही हेच लागू. गाडी सपाट जागी आल्यावर पेडल सोडून हँडब्रेकवर धरावी.

सप्तशृंगी गडावरून नांदुरीपर्यंतच्या उतारावर आधी आणि नंतर इन्फ्रारेड गनने तापमान घेतले. चकाकत्या लोखंडावर ही गन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून हे आकडे केवळ तुलनेसाठी वाचावेत. दुरुस्तीपूर्वी डावीकडे ४१० आणि उजवीकडे ३०० अंश दाखवले होते. नव्या डिस्कनंतर, मालकांच्या नेहमीच्या पद्धतीने उतरताना, दोन्ही बाजूंना २९० च्या आसपास. डाव्या-उजव्यातला फरक संपला याचे श्रेय पिनला आहे, डिस्कला नाही. तिसऱ्यांदा मालकांनाच दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांगितले. ब्रेक लागे तेव्हा ठामपणे लावायचा आणि मग पूर्ण सोडायचा, सतत हलका दाबून ठेवायचा नाही. या वेळी गनने २०० च्या खाली आकडा दाखवला. चालकाच्या पायाने आणि गिअरने जेवढी उष्णता वाचवली तेवढी कोणत्याही डिस्कने वाचवली नसती, आणि गाडी पायथ्याशी पोहोचायला वेळही जवळजवळ तेवढाच लागला.

थरथर गेली, पेडल घाटाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सारखेच राहू लागले, आणि वास बंद झाला. पहिल्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीत जाडीतला फरक ०.०१ च्या आत होता आणि आतल्या-बाहेरच्या पॅडची झीज जवळपास सारखी. डिस्कची जाडी २१.७ मिलिमीटर भरली. २०.५ च्या खाली ती आम्ही या गाडीत वापरणार नाही, जरी कोरलेली मर्यादा २० ची असली तरी; शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये साठवणीची ताकद बरीच घटलेली असते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी आणि पिनची रबरे दर पावसाळ्यानंतर पाहायची, असे कार्डावर लिहून दिले आहे. मालक आता बंद ट्रॅकवर गाडी नेण्याचा विचार करत आहेत. तसे झाले तर निकष बदलतील : तिथे वेग जास्त आणि ब्रेक जवळजवळ, म्हणून चाकाच्या मध्यावर हवा आणणारी नळी, खाचांची डिस्क, अधिक तापमानाचा पॅड आणि डॉट ५.१ ऑइल या क्रमाने विचार करावा लागेल, आणि मोठ्या डिस्कचा विषय मागच्या ब्रेकसह पुन्हा काढावा लागेल.